बारा फूट हातांचा माणूस

माझे आई-बाबा मिळून एक माणूस झाले होते आणि त्या माणसाचे दोन हात एकमेकांपासून बारा फूट लांब होते. हे मी लाडाने म्हणत नाहीये. कॉम्प्युटरनेच तसं कळवलं होतं : "कामगार क्रमांक चार. उजवा हात यंत्राच्या या टोकाला, डावा हात त्या टोकाला. कृपया कामगाराची तपासणी करावी."

मी आर्वी निंभोरकर, नववीत आहे. वर्ध्याकडे आर्वी नावाचं गाव आहे आणि मी राहते परतवाड्यात, त्यामुळे नवे सर हजेरी घ्यायला लागले की वर्ग हसतो. मागच्या वर्षीपर्यंत मी खाली मान घालून बसायचे. यंदा उभी राहून सांगते, "हो सर, गावाएवढीच आहे मी, पुढचं नाव घ्या." सांगायचा मुद्दा, यंदा मला बोलायला जमायला लागलं आहे. त्यामुळे ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. घरातली बाकीची दोघं तर तो माणूसच होती.

आई-बाबा काम करतात त्या मिलमध्ये सागवानाची दारं बनतात. चौकटी, पल्ले, नक्षीच्या पट्ट्या, सगळं. सगळ्यात मोठं काम रंध्याच्या मशीनवर. लांबलचक लोखंडी पेटी, आत वरच्या बाजूला गरगर फिरणारे सुरे. इकडून खडबडीत फळी आत सोडायची, तिकडून ती गुळगुळीत होऊन बाहेर येते. इकडे उभा राहतो तो सोडणारा, तिकडे उभी राहते ती झेलणारी. सोडणारा मिस्त्री असतो आणि झेलणारी त्याची बायको. दोघांची मिळून एक जोडी. जोडीला पगार एक, तो नवऱ्याच्या खात्यात. हजेरीचा बिल्ला एक. दिवाळीला मिठाईचा डबासुद्धा एकच. बायकोच्या नावापुढे पद असतं 'मदतनीस'. कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. मला तरी कुठे वाटत होतं.

मग यांत्रिक हात येणार असं ठरलं.

पूर्वी असा हात आला की माणसं घरी जायची. आता नवा कायदा आहे. एखादं यंत्र ज्या माणसाच्या हाताकडून काम शिकलं, त्या माणसाला ते यंत्र चालू आहे तोवर दर महिन्याला मोबदला द्यायचा. माणूस म्हातारा होऊन घरी बसला तरी द्यायचा. कायद्यात याला दीड ओळीचं नाव आहे. परतवाड्यात सगळे शिकवणी म्हणतात. अट एकच : एका यंत्राला एकच शिकवणारा, एकच नाव.

मिलचे मालक वेलजीशेठ. त्यांनी सरळ हिशेब केला. सोपं काम झेलायचं, ते यांत्रिक हाताला द्यायचं. मिस्त्री आपल्या जागी राहतील आणि शिकवणी मिस्त्रीच्या नावावर जाईल. बायका घरी बसतील. सगळ्यांना पटलं. बायकांनासुद्धा पटलं, निदान कोणी काही बोललं नाही.

शिकवायचं कसं, तर हातमोज्यांनी. दिसायला साधेच, मनगटापर्यंतचे राखाडी मोजे. पण त्यांत केसाहून बारीक धागे विणलेले असतात. धागा दाबला किंवा वाकला की त्यात विजेचा इवलासा झटका तयार होतो. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये खटका दाबल्यावर ठिणगी पडते ना, तीच युक्ती, फक्त फार नाजूक. अशा शेकडो धाग्यांवरून कळतं की कोणत्या बोटाने किती जोर दिला, मनगट कधी वळलं, लाकूड हातात किती थरथरलं. मशीनच्या शेवटी एक कॅमेरा असतो. तो फळीवर तिरपा उजेड टाकून फोटो काढतो, म्हणजे केसभर खड्डा असला तरी त्याची सावली दिसते. मग कॉम्प्युटर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो : हाताने काय केलं आणि फळी कशी निघाली. हजारो फळ्या अशा पाहिल्या की हाताच्या कोणत्या हालचालीने फळी चांगली निघते ते त्याला उमगतं.

खोकी उघडली तेव्हा प्रत्येक जोडीच्या वाट्याला मोज्यांचा एक जोड आला. जगात कुठेही मोज्यांचा एक जोड म्हणजे एका माणसाचे दोन हात. आमच्या मिलमध्ये मात्र जोडी हाच एक कामगार. तेव्हा बाबांनी उजवा मोजा घातला आणि आईने डावा. मिलमधल्या सहाही जोड्यांनी हेच केलं. तीन आठवडे सगळे असे एकेक मोजा घालून काम करत होते आणि कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.

कॉम्प्युटरचा निरोप आला त्या दिवशी मी शाळेतून थेट मिलमध्ये गेले होते. यंत्राच्या कंपनीकडून अमरावतीच्या शिरीन काझी मॅडम आल्या होत्या. त्या स्क्रीनकडे बघत होत्या, बाबांकडे बघत होत्या, पुन्हा स्क्रीनकडे.

"प्रफुल्लभाऊ, तुमचा डावा मोजा कुठे आहे?"

"कांचनकडे," बाबा म्हणाले, जसं काही डबा कोणाकडे आहे असं विचारलंय.

मॅडम टेबलाला धरून हसल्या. मग डोळे पुसून पुन्हा हसल्या.

वेलजीशेठना हसू येत नव्हतं. "म्हणजे तीन आठवडे वाया? सगळं पुसून टाका मॅडम. नवीन मोजे मागवा, प्रत्येक मिस्त्रीला दोन-दोन द्या."

"थांबा जरा शेठ. हे असं कोणी मुद्दाम केलं नसतं. दोन्ही मोजे मिस्त्रीला दिले असते तर मशीनच्या त्या टोकाला काय चाललंय हे आपल्याला दिसलंच नसतं." त्यांनी स्क्रीन सगळ्यांकडे वळवली. "हे बघा. फळी चांगली निघते त्यात उजव्या हाताचा वाटा आहेच. पण चारातले तीन हिस्से काम हा डावा हात करतोय. सगळ्याच जोड्यांत डावा पुढे आहे, पण या चार नंबरइतका कुठेच नाही. हा हात कोणाचा?"

आई मागे उभी राहून पदराचा भुसा झाडत होती.

"माझा आहे," ती म्हणाली. "काही चुकलं का?"

काय होतं ते मॅडमनी मला कागदावर काढून दाखवलं. फळी आत जाताना दोन रुळांमध्ये धरलेली असते, एक रूळ सुऱ्यांच्या अलीकडे, एक पलीकडे. फळीचं शेपूट अलीकडच्या रुळातून सुटलं की तिला एकच रूळ धरून ठेवतो. त्या क्षणी शेपूट वर उसळतं, सुऱ्यांना लागतं आणि तिथे खड्डा पडतो. झेलणारीने नेमक्या त्याच वेळी पुढचं टोक नखभर उचललं तर शेपूट खाली दबतं, लहान मुलं बागेतल्या सी-सॉवर वर-खाली होतात तसं. उशिरा उचललं तर खड्डा, लवकर उचललं तर दुसऱ्या ठिकाणी खड्डा. आणि प्रत्येक फळी वेगळी. एखादी वाकडी, एखादी ओलसर, एखादीत गाठ. आई हे दिवसभर करत होती आणि आम्ही त्याला मदत म्हणत होतो.

त्या रात्री जेवताना बाबांनी भाजी वाढून घेतली आणि नुसतीच ताटात फिरवली.

"बबन काय म्हणाला मालूम आहे?" बबनकाका म्हणजे शेजारच्या मशीनचे मिस्त्री. "म्हणे, मशीन तर तुही बायकोच चालवते. आता भाकरी तू टाकत जा."

"टाका ना एखाद्या दिवशी," आई म्हणाली. "पाहू किती गोल येते."

मी हसले. बाबा हसले नाहीत. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"शनिवारी शिकवणीसाठी नाव द्यायचं आहे ना? तुमचंच द्या. पैसा घरातच येते."

बाबांचे खांदे सैल झाले. मी ते पाहिलं.

"नाव बाबांचं दिलं तर तो हात बाबांकडून शिकेल," मी म्हणाले. "बाबांना झेलता येतं का?"

"त्या मशीनवर कोण उभं आहे इतकी वर्षं?"

"सोडायला उभे आहात, बाबा. आणि आईची जागा यांत्रिक हात घेणार, शिकवणी तुम्ही घेणार. मग आई कुठे आहे यात?"

"आर्वी," आई म्हणाली, "जेव."

सकाळी ती नळावर भांडी घासत होती तेव्हा मी तिला गाठलं. तुला नकोय का, असं सरळ विचारलं. तिने कढई दोनदा घासली.

"मले येते का नाही तेच मले माहीत नाही, आर्वी. हात आपोआप उचलते. उद्या मी हो म्हटलं, अन् तो मशीनचा हात माझ्याकडून शिकून फळ्या खराब करू लागला, तर? म्हणतील, पाहा, बाईचं नाव घातलं अन् असं झालं. मग बबनभाऊच्या बेबीले कोण विचारल? बाकीच्या बायकांले कोण विचारल?" तिने कढई पालथी घातली. "अन् तुझ्या बाबाले मी असं गप्प नाही पाहू शकत."

मी उरलेली भांडी विसळायला घेतली.

शनिवारी शाळा लवकर सुटते. दप्तरासकट मिलमध्ये पोचले तेव्हा चाचणी चालू व्हायची होती. वेलजीशेठनी ठरवलं होतं की प्रत्येक मिस्त्रीने दोन्ही मोजे घालून झेलायच्या जागी उभं राहायचं, थोड्या फळ्या झेलायच्या, मॅडम नोंद घेतील, संध्याकाळी नावं पाठवायची. पहिले बाबा. सोडायला बबनकाका. बायका भिंतीशी उभ्या होत्या.

पहिली फळी आली. शेपटाला खड्डा. बाबांनी पाय जरा फाकवले. दुसरी आली, दोन खड्डे. तिसरी त्यांनी इतकी घट्ट धरली की मशीनने गुरगुरून दाखवलं. फळीवर लाटाच लाटा.

बेबीमावशी, म्हणजे बबनकाकांची बायको, पुढे येऊन ती निरखून पाहायला लागली. "बापा, यात पाणी भरलं तर म्हैस पिऊन जाईन."

सगळे हसले. बबनकाका सगळ्यात मोठ्याने हसले.

"तुम्ही नका हसू," बेबीमावशी त्यांना म्हणाली. "पुढचा नंबर तुमचा आहे."

बाबा थांबले नाहीत. फळ्या येत राहिल्या आणि बिघडत राहिल्या. बाजूला ढीग वाढत होता, वेलजीशेठचा चेहरा लांब होत होता. माझे बाबा हट्टी आहेत हे मला माहीत होतं. पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मला कळलं की हा हट्ट नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. इतकी वर्षं ज्या मशीनच्या पोटात ते लाकूड घालत होते, तिच्या दुसऱ्या टोकाला ते कधी उभेच राहिले नव्हते.

त्यांनी हात वर करून बबनकाकांना थांबवलं. मग भिंतीकडे वळले.

"कांचन, केव्हा उचलतेस तू?"

"सांगता नाही येत मले."

"मग?"

आई पुढे आली. "हात द्या," ती म्हणाली.

तिने आपला हात बाबांच्या मोजा घातलेल्या हाताखाली ठेवला. बबनकाकांनी फळी सोडली. दोघंही फळीकडे बघत होती. मग आईचा हात किंचित वर गेला, त्याच्याबरोबर बाबांचा, आणि फळी सुळकन बाहेर आली. शिरीन मॅडमनी उजेड टाकला. कुठेही सावली नाही.

"आता तुम्ही," आई बाजूला होऊन म्हणाली.

पुढची फळी बाबांनी एकट्याने झेलली. खड्डा. त्यापुढचीलाही खड्डा. आधीच्यापेक्षा लहान, पण खड्डाच.

"प्रफुल्लभाई, वेळ होतोय," वेलजीशेठ म्हणाले. "चार नंबरवर काय नाव घालू?"

सगळे बाबांकडे पाहायला लागले. बाबांनी एकेक मोजा काढला.

"मले कायले विचारता शेठ? मी तर लाकडं खराब करून राहिलो. तिले विचारा."

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगते, पूर्ण वाक्य तयार होतं. शिरीन मॅडमचा हात माझ्या खांद्यावर आला आणि मी ते वाक्य गिळलं.

आईने बाबांच्या हातातले मोजे घेतले. मग म्हणाली, "कांचन निंभोरकर घाला."

वेलजीशेठ टॅबवर लिहायला लागले. "कांचन... निंभोरकर... पद मदतनीस..."

"मदतनीस नाही."

"बाई, यात दोनच पदं आहेत. मिस्त्री आणि मदतनीस."

"मग तिसरं करा."

"झेलमिस्त्री लिहा शेठ," मागून बेबीमावशी म्हणाली. "अन् आम्हा सहाही जणींचं तेच लिहा. पगार आपापल्या खात्यात. आमच्या नवऱ्यांले मोजे घालून झेलून पाहायचं असेल तर पाहा आधी. लाकूड भरपूर आहे का तुमच्यापाशी?"

वेलजीशेठनी ढिगाकडे पाहिलं. सगळं सागवान होतं ते. मग शिरीन मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नाव कोणाचंही घाला, शेठ. पण यंत्र नावाकडून शिकत नाही, ते हाताकडून शिकतं."

"धंदा मलाही समजतो मॅडम," शेठ म्हणाले. थोडे वैतागलेले होते, पण टॅबवरचं बोट हललं. "झे-ल-मि-स्त्री. एक शब्द की दोन?"

बबनकाकांची चाचणी झाली नाही. त्यांनीच नको म्हटलं.

त्यानंतर बाबांनी भाकरी टाकली, असं सांगायला मला आवडलं असतं, पण नाही टाकली. दोन आठवडे ते कामापुरतं बोलत होते. आईचा पहिला वेगळा पगार आला त्या दिवशी तिने घरात सांगितलंच नाही, मीच मोबाइलवर मेसेज पाहिला. चौकात कोणी काही म्हटलं की बाबा वाट बदलून यायचे. मग एक दिवस बबनकाका चहाच्या टपरीवर पुन्हा काहीतरी बोलले, तर बाबा म्हणाले, "तू दोन फळ्या झेलून दाखव, मग बोल." हे मला टपरीवाल्याच्या मुलीने वर्गात सांगितलं.

दिवाळीनंतर यांत्रिक हात आला. पांढरा, कोपरात वाकणारा, तळहाताला रबर लावलेला. आईने महिनाभर मोजे घालून त्याला शिकवलं, या वेळी दोन्ही हातांत. झेलायला लागला तो आईसारखाच. आईला मिलने घरी पाठवलं नाही. वाकड्या आणि गाठींच्या फळ्या अजूनही तीच झेलते, आणि आठवड्यातून दोन दिवस एसटीने अमरावतीच्या एका मिलमध्ये झेलणं शिकवायला जाते. बेबीमावशी अकोल्याला जाते. तिथल्या लोकांबद्दल मला वाईट वाटतं, बेबीमावशी फार बोलते.

पण यांत्रिक हाताची एक खोड होती. प्रत्येक फळी झेलायच्या आधी तो मनगट एकदा झटकायचा. उगाचच. सुरुवातीला सगळ्यांना कोडं पडलं, मग बायका हसायला लागल्या. आईच्या बांगड्या सारख्या मनगटावर उतरतात. हात पुढे करायच्या आधी ती एक झटका देऊन त्या वर सारते. या लोखंडी हाताला बांगड्या कुठून असणार, पण तो बिचारा न असलेल्या बांगड्या वर सारत होता.

"प्रत्येक फळीमागे अर्धा सेकंद जातोय," शिरीन मॅडम म्हणाल्या. "कॉम्प्युटरने हे का ठेवलं कळत नाही. काढून टाकते."

त्यांनी ते काढलं आणि दुपारपर्यंत फळ्या बिघडायला लागल्या. आईचा अमरावतीचा दिवस होता. बाबा सोडत होते, हात झेलत होता, दोघंही आपापलं काम बरोबर करत होते, तरी पुढची फळी जाऊन आधीच्या फळीच्या शेपटावर आदळत होती. बाबांनी मशीन दोनदा बंद करून तपासली. मॅडमनी यांत्रिक हात तपासला. दोन्हीत दोष नव्हता.

मग मॅडमनी जुनी नोंद काढली, ते तीन आठवडे, बारा फूट हातांचा माणूस असतानाची. बाबांचा उजवा हात वर, आईचा डावा हात खाली, अशा दोन रेषा स्क्रीनवर लावल्या आणि बाबांना जवळ बोलावलं. शाळेतून आलेली मी मध्ये घुसलेच. आईच्या रेषेवर एक बारीक टोक यायचं, तो झटका. त्याच्या लगेच मागे बाबांची रेष उठायची, फळी सोडल्याची. पुन्हा टोक, पुन्हा सोडलं. एकदाही उलट नाही.

"तुम्ही यांच्या हाताकडे बघून फळी सोडत होता," मॅडम म्हणाल्या. "मी तयार आहे, असं त्या सांगत होत्या. तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी आईच्या रेषेवरच्या एका टोकावर बोट ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "पण ते बांगड्यांचं परत टाका, मॅडम."

"अर्धा सेकंद जाईल दरवेळी."

"जाऊ द्या."

त्या संध्याकाळी अमरावतीची गाडी यायच्या आधीच बाबा स्टँडवर जाऊन उभे होते. मी क्लासवरून येताना त्यांना पाहिलं आणि सायकल धरून मागेच थांबले. आई उतरली. त्यांना तिथे बघून म्हणाली, "काहून, काय झालं?" बाबांनी काही नाही म्हणून तिच्या हातातली पिशवी घेतली. एरवी ते पिशवी घेऊन पुढे निघाले असते. त्या दिवशी ते उभे राहिले, तिच्या हाताकडे बघत.

आईने बांगड्या वर सारल्या. मग दोघं चालायला लागली.